माटोळीची चौथी कडी

"सर, हा पंखा तुमच्या डोक्यावर पडला, तर युनिट टेस्ट पुढे ढकलणार काय?"

तेजस्विनीने उभं राहून, हात मागे बांधून, वक्तृत्व स्पर्धेतल्या आवाजात हे विचारलं आणि दहावीचा वर्ग आधी गप्प झाला, मग एकदम फुटला. विचारून दाखव, अशी पैज संजना आणि समीक्षाने मधल्या सुट्टीत लावली होती. गणेशचवथीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, अभ्यासात कुणाचं लक्ष नाही, आणि सरांच्या टेबलाच्या वर टांगलेला पंखा तर जूनपासून असा हेलकावे खात होता की पुढच्या बाकावरच्या मुली नमस्कार करून बसायच्या. सहावी-सातवीतली तेजस्विनी असती तर मान खाली घालून वहीच्या कडेला फुलं काढत राहिली असती. आताची तेजस्विनी वेगळी. आताच्या तेजस्विनीने गेल्या आयतवारी स्वतःच्या घराच्या स्लॅबला ड्रिलने भोकं पाडून, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या कड्या बसवल्या होत्या, त्याचा व्हिडिओ अख्ख्या वर्गाने पाहिला होता, आणि नववीतले मुलगे व्हरांड्यात ती दिसली की तोंडाने घर्रर्र असा आवाज काढायचे. तिला तो आवाज आवडायचा. ती मुद्दाम सावकाश चालायची.

कृष्णनाथ सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी चष्मा काढून वर पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं, आणि म्हणाले, "पंखा पडत नाही गे. पंखा सुटतो. पडणं एका क्षणाचं. सुटणं बरेच दिवस चाललेलं असतं. पहिल्या दिवशी धरलं म्हणून आपण खूश होतो, पण वजन काही एकदाच येत नाही, ते येतच राहतं. आत थोडंथोडं सैल होतं. खाली पांढरी पूड दिसायला लागली की समजायचं." मग चष्मा घालून त्यांनी सांगितलं की परीक्षा पुढे जाणार नाही, ते नसले तर दुसरे सर घेतील. वर्ग पुन्हा हसला. संजनाने बाकाखालून तिची मांडी थोपटली. पैज जिंकली होती. तेजस्विनी खाली बसली. हसायला म्हणून उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं आणि जिभेवर तिला चव लागली. सिमेंटची.

सर्वणला आपल्या गावी बसमधून उतरली तरी ती चव तोंडात होतीच. आयतवारी तोंडाला ओढणी बांधूनसुद्धा ती अशीच आत शिरली होती, नाकात, केसांत, दातांच्या फटींत. पण पहिलं भोक पाडताना तीच चव तिला जवळजवळ गोड लागली होती. स्टुलावर उभी, मान मोडेपर्यंत वर, शेजारच्या गौरेशकडून मागून आणलेलं जड ड्रिल दोन्ही हातांत, खाली समीक्षा मोबाइल धरून ओरडतेय, आणि मनगटातून, कोपरातून, खांद्यातून तो थरार थेट दाढांपर्यंत पोचतोय, दगडासारखी स्लॅब आपल्यापुढे पिठासारखी भुरभुरतेय. जगातल्या कुठल्याच टणक गोष्टीला आपण आता भिणार नाही असं तिला तेव्हा वाटलं होतं. भोकात कडीचा बोल्ट ठोकायचा, पाना फिरवायचा, फिरवता फिरवता बोल्ट आत फुगतो आणि धरतो, आणि त्या धरण्याचा क्षण हाताला कळतो, अंधारात कुणीतरी आपला हात घट्ट पकडावा तसा. तीन कड्या अशा बसल्या. मग समीक्षाला घरून फोन आला, ती गेली. पपा डिचोलीच्या बाजारात, आई मागच्या परसात. चौथं भोक अर्ध्यावर गेलं आणि ड्रिल किंचाळलं. आत सळी लागली होती. मनगट पिरगळलं, डोळ्यांत पाणी आलं. बोटभर सरकून तिने पुन्हा पाडलं, तर दोन्ही भोकं एकमेकांत मिसळली, मधला टवका सुटून तिच्या खांद्यावर पडला, आणि वर राहिलं ते उपटलेल्या दाढेच्या खड्ड्यासारखं वेडंवाकडं तोंड. बोल्ट आत गेला. पण पाना फिरवला तर तो नुसता फिरत राहिला. धरण्याचा तो क्षण येईना. ती फिरवत राहिली, तो फिरत राहिला, आणि रिकाम्या घरात तेवढाच आवाज उरला. मग तिने लाकडाच्या चिपा ठोकल्या, गळक्या नळाला लावतात ती दोन रंगांची पुट्टी मळून खच्चून भरली, कडी दाबून धरली, हात गळून जाईपर्यंत धरली, आणि वाळल्यावर बोटाने गुळगुळीत करून वर पांढरा रंग फासला. चारही कड्यांत सगळ्यांत सुबक तीच दिसत होती.

एवढं होईपर्यंत तिला आपण काही लपवतोय असं वाटलंही नव्हतं. दुरुस्त केलं, एवढंच. हाताने करायच्या कामात असं होतंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने मोडक्या खुर्चीची बैठक विणली ती एका बाजूला झुकली, पण पपा तीवर बसून चहा पितात. आईच्या मसाल्याच्या डब्यांसाठी फळी ठोकली, ती महिनाभर छान राहिली आणि एका दुपारी, कुणी हात लावलेला नसताना, कुणी जवळपासही नसताना, धाडकन खाली आली. आई हसली होती. सगळी हळद फरशीवर. आई म्हणाली होती, बरं झालं, जमीन पिवळी झाली, शुभ असतं. तेव्हा त्या गोष्टीत सगळ्यात गंमत याची वाटली होती की कुणी हात लावला नव्हता. आता रस्त्याच्या कडेने चालताना, दोन्ही बाजूंना हिरवीगार शेतं डुलत असताना, तेजस्विनीला त्याचीच भीती वाटली. महिनाभर. म्हणजे महिनाभर ती फळी सुटत होती. आई तिच्याखाली उभी राहून फोडणी घालत होती, आणि ती सुटत होती.

पपांना विचारावं तर पपांचं सगळं वेगळंच चाललेलं. पपा, म्हणजे गोकुळदास, मूळचे इब्रामपूरचे. गणपती तिकडे, थोरल्या भावाकडे, यशवंतकाकांकडे. यंदा देवाला कौल लावून पहिल्यांदा सर्वणच्या या नव्या घरात गणपती आणायचं ठरलं. खाणीवरचे ट्रक चालवून चालवून, मग खाणी बंद पडल्यावर मिळेल ती गाडी चालवून पपांनी हे घर उभं केलं होतं. स्लॅब घातली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, माणसं घाई करत होती. पंख्याला हुक सोडले, दिव्यांच्या तारांसाठी डबे सोडले, आणि माटोळीच्या कड्या सोडायच्या राहिल्या. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर आडवी टांगायची लाकडी चौकट, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, रानातली फळं, आंब्याच्या पानांचे टाळे यांनी गच्च भरलेली. आणि ती बांधायची असते छपराच्या वाशाला. आतापर्यंत सगळ्यांनी ती वाशालाच बांधली होती. स्लॅबला वासा नसतो हे घर बांधून, रंग देऊन, त्यात राहायला येऊन झाल्यावर कळलं, तेही श्रावणात यशवंतकाका बघायला आले तेव्हा. काकांनी हॉलच्या मधोमध उभं राहून वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "घर बरा बांधलंस रे गोकुळदासा. माटोळी खंय बांधतलंस? आभाळाक?" सगळे हसले. पपाही हसले. पण हसताना ते भिंतीचा नवा रंग नखाने खरवडत होते, आणि आपण खरवडतोय हे त्यांना कळत नव्हतं. ते फक्त तेजस्विनीने पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांच्या मधे तोंड घालून ती म्हणाली होती, मी घालते कड्या.

म्हणून आयतवारी बाजारातून आल्याबरोबर पपांनी पिशव्या दारात टाकल्या, दाराजवळची कडी दोन्ही हातांनी धरली आणि पाय वर घेऊन चक्क लोंबकळले. घामाने भिजलेला शर्ट पोटावरून वर गेलेला, चेहरा लाल, आणि हसू असं की तेजस्विनीने ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आईकडून त्यांनी फोटो काढून घेतला आणि तो इब्रामपूरला पाठवला. बाकीच्या कड्या त्यांनी ओढून पाहिल्या नाहीत. एक धरते म्हणजे सगळ्या धरतात. तेव्हा ती म्हणू शकली असती की त्या कोपऱ्यातली तेवढी ओढू नका. ती म्हणाली, पपा, उतरा आता, शर्ट फाटेल.

हरताळकेच्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं पाहून तिने स्टूल ओढलं. चौथ्या कडीला बोट लावलं. हलली नाही. जोर लावला. हलली नाही; पण हलली नाही म्हणजे घट्ट आहे की आत्ता हललेली नाही, हे बोटाला कळेना. बादलीभर पाणी टांगून पाहिलं. बादली शांत लोंबत राहिली, पाण्यात खिडकी दिसत राहिली. ती खाली बसून बादलीकडे पाहत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण बादली पडायची वाट पाहतोय. पडली असती तर किती सोपं झालं असतं. पाणी पुसायचं, पपांना सांगायचं, ओरडा खायचा. बादली पडली नाही. न पडून तिने काहीच सांगितलं नाही. गौरेशला विचारावं म्हणून ती कुंपणापाशी गेली, तर तो चवथीला कोरगावला आपल्या मूळ घरी गेलेला.

संध्याकाळी माटोळी भरायला सगळे जमले. तेजस्विनी पुढे पुढे करत होती, आणि तिचा उत्साह पाहून आईला कौतुक वाटत होतं. खरं म्हणजे ती एवढंच पाहत होती की त्या कोपऱ्याला जड काही जाऊ नये. तिकडे तिने आंब्याचे टाळे बांधले, कांगणांच्या रानफळांचे हलके झुपके बांधले, कवंडळाची केशरी फळं एकेकटी, लांब लांब सोडली. छान दिसतंय, असं स्वतःच म्हणाली. नारळ तिने दाराच्या बाजूला घेतले, पपनसासारखी जड तोरिंगं मध्ये, सुपारीचा घोस खिडकीकडे. एवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि यशवंतकाका आत आले, खांद्यावर नारळांची अख्खी पेंड, देठासकट घड. इब्रामपूरच्या घरासमोरच्या माडाची, दरवर्षी तिकडच्या माटोळीला जाते ती. भावाने वेगळा गणपती केला म्हणून काका येणारच नाहीत असं आईचं मत होतं, आणि पपांचंही होतं, फक्त ते बोलले नव्हते. काकांनी वर पाहिलं. कड्या पाहिल्या. तेजस्विनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीच टोमणा मारला नाही. मग मागे सरून एक डोळा बारीक करून माटोळी न्याहाळली आणि म्हणाले, "हो कोपरो उणो दिसता." आणि स्टुलावर चढून, स्वतःच्या हाताने, दोर दाताने ओढून, ती पेंड त्यांनी चौथ्या कडीखाली बांधली. चौकट किंचित करकरली. पपांनी तोंड फिरवलं आणि उगाचच समईची वात सारखी करू लागले. त्यांचे डोळे भरले होते. तेजस्विनीच्या घशाशी शब्द आले, पुट्टी, चिपा, सळी, एवढे तीनच, आणि घरातले सगळे इतके सुखात होते की त्या तीन शब्दांना बाहेर पडायला जागाच सापडली नाही.

दीड दिवसाचा गणपती. म्हणजे उद्या सकाळी बसेल आणि परवा संध्याकाळी जाईल. फक्त परवा संध्याकाळपर्यंत, असं ती स्वतःला सांगत राहिली. गणपती बसला की माटोळीला हात लावायचा नाही, तो उठेपर्यंत एक पानसुद्धा काढायचं नाही, हे आईने लहानपणापासून सांगितलेलं. काढायचं झालं तर ते आजच. आज म्हणता म्हणता आज संपला. सकाळी पपा लाल पाट घेऊन गेले आणि गणपती घेऊन आले, आईने दारात पायांवर पाणी घातलं, भटजी घाईघाईने आले, त्यांना अजून वस्तीतली, वाड्यावरची, निम्मी घरं करायची होती. पपा उघड्या अंगाने पूजेला बसले. बरोबर त्या पेंडीखाली. तेजस्विनीला वाटलं होतं की भीती छातीत असते. नव्हती. ती डोळ्यांत होती. डोळे दुसरीकडे वळेनात. भटजींचा आवाज येत होता, ताम्हनात पळी वाजत होती, उदबत्तीचा धूर सरळ वर जाऊन नारळांना चाटून पसरत होता, आणि तिला दिसत होता फक्त पपांच्या डोक्यावरचा भोवरा, विरळ होत चाललेला, ज्यात लहानपणी खांद्यावर बसल्यावर ती बोट फिरवायची. पपा पुढे वाकले की तिला श्वास मिळायचा. मागे टेकले की बंद. काका हात जोडून उभे होते. आई स्वयंपाकघराच्या दारात, हाताला नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, पीठ. सगळे गणपतीकडे पाहत होते. छताकडे पाहत होती ती एकटीच, आणि तिला वाटलं, गणपती आपल्याकडे पाहतोय. रागाने नव्हे, नुसता पाहतोय.

मग तिला पपांच्या उजव्या खांद्यावर पांढरं दिसलं. चिमूटभर. मघाशी नव्हतं, की होतं? अक्षतांचा चुरा असेल. आईच्या हातचं पीठ असेल. रांगोळी असेल. पूजा झाल्यावर पपा उठले तेव्हा ती लगबगीने पुढे झाली आणि पुसल्यासारखं करून ते बोटावर घेतलं. चोळलं. खरखरीत होतं. रांगोळीही खरखरीत असते. सगळ्यांच्या मागे जाऊन तिने बोट जिभेला लावलं. काही कळलं नाही. ती चव इतके दिवस तोंडात मुक्कामाला होती की आता पाण्यालाही तीच येत होती. दुपारी पंगतीत तिने पानातली नेवरी मोडली आणि तशीच ठेवली. आई म्हणाली, हिला दृष्ट लागली, सगळ्यांनी एवढं कौतुक केलं ते उगाच नव्हे.

दिवस कलायला लागला आणि वाड्यावर आरत्यांची मंडळी निघाली. घरोघरी जायचं, प्रत्येक गणपतीपुढे घुमटं वाजवायची, असा इथला शिरस्ता. पहिलं घुमट ऐकू आलं ते लांबच्या घरातून. मातीच्या मडक्याच्या तोंडावर ताणलेल्या कातड्याचा तो खोल, पोटातून आल्यासारखा आवाज तिला इतका आवडायचा की लहानपणी ती घुमटाला कान लावून झोपायची. आज तो जमिनीतून आला. तळपायातून वर चढला. एका घरी थांबला, पुढच्या घरी सुरू झाला, जवळ आला. ती मंडळी इथे येतील, पोरंटोरं पुढे, बाया मागे, या एवढ्याशा हॉलमध्ये दाटीवाटीने उभी राहतील, सगळ्यांची डोकी माटोळीच्या खाली, आणि झांजा, टाळ्या, घुमटं यांनी ही स्लॅब थरथरेल, तशीच जशी आयतवारी तिच्या हाताखाली थरथरली होती. तिने मनातल्या मनात एकेकाला त्या पेंडीखाली उभं करून पाहिलं. शेजारची म्हातारी पार्वतीमावशी. संजनाची धाकटी बहीण, जी नेहमी सगळ्यात पुढे घुसते. पपा, आरतीचं ताट हातात, मान वर. आणि तिच्या ध्यानात आलं की ती उद्याच्या संध्याकाळची वाट पाहत नाहीये. ती कोण वाचेल याचा हिशोब करतेय. कुठे उभं राहिलं तर लागणार नाही, हे या घरात फक्त तिला ठाऊक होतं, आणि मघापासून, नकळत, ती स्वतः नेमकी तिथेच उभी होती. खिडकीजवळ. अंग चोरून.

ती खिडकीपासून हलली. चार पावलांची खोली. जाऊन ती त्या पेंडीखाली उभी राहिली. वर पाहिलं नाही. टाळूवर नारळांचं वजन आधीच टेकल्यासारखं. शेजारच्या घरात शेवटची आरती चालू होती. ती संपली की इकडे. पपा ताटात कापूर ठेवत होते, आई निरांजन लावत होती, काका दाराशी मंडळींची वाट पाहत उभे.

"पपा, आई, आयका," ती म्हणाली. आवाज स्पर्धेतला नव्हता, फाटका होता. "कोणाक भितुर घेव नका. पयली माटोळी खाली घेवची आसा."

आईच्या हातातली काडी विझली. "पिशी काय गे तू? गणपती बसलो आसा."

पपांनी दाराजवळच्या कडीकडे बोट केलं, समजूत घालावी तसं. ते स्वतः लोंबकळले होते की तिला.

"ती बरी आसा. ही न्हय." तिने न पाहता वर हात केला. "हिका मी चिपा घालून पुट्टी लायली. बोल्ट धरूकच नाय. माका आयतवारापासून ठावक आसा."

काका दारातून आत वळले आणि आधी पेंडीकडे, मग भावाकडे पाहू लागले. पपांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि ते तिला खेचायला म्हणून पुढे आले तर तिने हातानेच त्यांना मागे थांबवलं. शेजारी घुमटं थांबली. रस्त्यावर पायांचा आवाज सुरू झाला.

"काकानू, तुमची पेंड मीच सोडतलंय, माका स्टूल द्या," ती म्हणाली, आणि मग आईवडिलांकडे वळून, एकेक शब्द नीट उच्चारत, "यंदा आपल्या गणपतीर माटोळी नाय. कोणी इचारल्यान तर माका हाक मारा. मी सांगतलंय."